आनंदवनाची ताई : महारोगी सेवा समितीचा एक घरगुती इतिहास

वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीची जन्मकथा विदर्भात बहुतेकांना पाठ आहे. सरकारने दिलेली ५० एकर खडकाळ जमीन, ६ कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि हाताशी १४ रुपये. शाळेतल्या भाषणात असो की सभेच्या प्रास्ताविकात, ही यादी याच क्रमाने येते. तिच्या आरंभी बाबा आमटे, त्यांच्या पत्नी साधनाताई आणि दोन लहान मुले यांचा उल्लेख असतो. पण तो एका दमात संपतो आणि गोष्ट पुढे पळते. संस्थेचा इतिहास लिहिताना मला त्या उल्लेखापाशी थांबायचे आहे.

आनंदवन १९५१ मध्ये सुरू झाले तेव्हा साधनाताई २५ वर्षांच्या होत्या. थोरला विकास चार वर्षांचाही झाला नव्हता, धाकटा प्रकाश अडीच वर्षांचा होता. ज्या रोगाचे नुसते नाव कानावर आले की लोक सख्ख्या भावाचे ताट वेगळे करत, बायकोला माहेरी धाडत, बापाला गावकुसाबाहेर ठेवत, त्या रोगाच्या माणसांत एक तरुण आई आपली दोन्ही लेकरे घेऊन राहायला गेली. पुढची साठ वर्षे ती तिथलीच झाली. या निर्णयाला इतिहासात जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही, असे माझे ठाम मत आहे.

बुलढाणा जिल्ह्यातून निघणाऱ्या स्मरणिकेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या संस्थेला एवढी पाने का, असे कोणी विचारील. आम्हा बुलढाणेकरांना सेवेच्या कामाची ओळख आहे. शेगावच्या संस्थानात बिनपगारी राबणारे सेवाधारी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळला नंदकुमार आणि आरती पालवे हे दांपत्य रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णांना आणून सांभाळते. असे काम जवळून पाहिले की मनात येणारे पहिले प्रश्न अगदी साधे असतात. एवढ्या जणांच्या पोळ्या कोण लाटते? अंघोळी कोण घालते? रात्री कोणी ओरडले तर कोण उठते? आनंदवनाच्या इतिहासाला हेच प्रश्न विचारले की उत्तर म्हणून साधनाताईंचे आयुष्य उभे राहते.

त्यांचे माहेरचे नाव इंदू घुले. जन्म ५ मे १९२६, नागपूर. घर संस्कृत विद्वानांचे. सोवळेओवळे कडक, देवधर्म रोजचा. अशा घरातली मुलगी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जाईल हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. बाबांनी तिला पहिल्यांदा पाहिले ती हकिकत प्रसिद्ध आहे. लग्नघराची गडबड चालू होती आणि ही मुलगी त्यातून हळूच बाजूला होऊन म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुवायला मदत करत होती. ते पाहून, दाढी-जटा वाढवून विरक्तीच्या वाटेला लागलेल्या मुरलीधर देविदास आमटे यांनी लग्नाचा विचार केला, असे सांगतात. ही हकिकत नेहमी बाबांच्या पारखी नजरेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला त्यात त्या मुलीचा स्वभाव जास्त दिसतो. कोणी पाहत नसताना, कोणी सांगितलेले नसताना, दुसऱ्याच्या हातातले ओझे आपल्या हातात घ्यायचे. पुढे तिने आयुष्यभर हेच केले. लग्न झाले १८ डिसेंबर १९४६ रोजी. सासरी इंदूची साधना झाली.

बाबांचे घराणे सधन जमीनदारांचे. जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. वकिलीचे शिक्षण घेऊन ते वरोऱ्यात वकिली करत होते आणि नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. सफाई कामगारांची संघटना बांधत असताना, हे काम करून बघा म्हणजे कळेल, असे आव्हान मिळाले, तेव्हा त्यांनी नऊ महिने डोक्यावरून मैला वाहिला. मग सर्व जातींच्या कष्टकऱ्यांनी एकत्र राहावे, एकत्र कमवावे, एका पंक्तीला जेवावे म्हणून वरोऱ्याजवळ श्रमाश्रम काढला. साधनाताईंचा संसार सुरू झाला तो या श्रमाश्रमात.

घुल्यांच्या घरातून थेट तिथे येणे म्हणजे काय, हे ज्यांनी सोवळ्याचे घर पाहिले आहे त्यांनाच समजेल. ज्या घरात स्वयंपाकघराचा उंबरठा सगळ्यांना ओलांडता येत नव्हता, त्या घरची मुलगी आता अशा चुलीपाशी बसली होती जिथे जात विचारायची नाही हाच नियम होता. पुस्तके वाचून असे बदल डोक्यात होतात. ताईंना तो हातांनी करावा लागला, रोज दोन वेळा, धुरात. श्रमाश्रम फार काळ टिकला नाही. पण आनंदवनाच्या स्वयंपाकघराची तालीम तिथेच झाली, असे मी मानतो.

तुळशीरामची गोष्ट त्यानंतरची. पावसात गटाराच्या कडेला पडलेला, हातापायांची बोटे झडलेली, अंगात किडे झालेली ती देहाची गाठोडी बाबांनी पाहिली आणि ते घाबरून पळाले. गोऱ्या सोजिरांना अंगावर घेणारा, गांधीजींनी ज्याला अभय साधक म्हटले असा माणूस त्या दिवशी भ्याला. मग ते परत गेले, त्याच्यावर आडोसा उभा केला, त्याला भरवले, धुतले. तुळशीराम जगला नाही. पण ज्या भीतीने आपण पळालो ती भीती घेऊन जगता येणार नाही, हे बाबांना कळून चुकले आणि त्यांनी पुढचे आयुष्य कुष्ठरुग्णांसाठी देण्याचे ठरवले.

हा निर्णय त्यांनी घरी सांगितला तेव्हा ताईंच्या पदरात दोन तान्ही मुले होती. इथे त्या काळाची माहिती नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला होता, पण त्यावर उपयोगी पडणारी सल्फोन गटातली औषधे १९४० च्या दशकात कुठे हाती येऊ लागली होती. बहुसंख्य माणसांच्या अंगात या रोगाला प्रतिकार करण्याची शक्ती असते, हे आज आपण निर्धास्तपणे म्हणतो. त्या काळी वैद्यकातही लहान मुलांना याची लागण लवकर होते, असे मानले जाई आणि रुग्ण आईबापांपासून मुले दूर ठेवावीत, असा सल्ला दिला जाई. निराधार कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा देशात जारी होता. म्हणजे कायदा, डॉक्टर, शेजारपाजार आणि नातेवाईक सगळे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला हो म्हणणारी ही बाविशीतली आई. बाबांनी स्वतःचा जीव पणाला लावला. ताईंनी त्याच्याबरोबर मुलांचाही लावला. आईच्या दृष्टीने यातले दुसरे किती पटींनी अवघड असते ते सांगायला नको.

मग शिकणे आले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठसेवेचे काम उभे केले होते. बाबा तिथे गेले, धडे घेतले. वरोऱ्यात रुग्ण तपासणे सुरू केले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. त्याच सुमारास ते कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करायला गेले. तिथे प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेण्याची तयारी त्यांनी दाखवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इकडे दोन लहान मुलांचा भार ताईंवर होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्‌घाटन झाले. जागा वरोरा गावापासून थोडी दूर. झुडपी रान, मुरूम आणि खडक. साप-विंचू पायाखाली आणि जंगली जनावरांचा वावर कुडाच्या भिंतीपर्यंत. पाणी नाही. विहीर खोदायची ती ज्यांच्या हाताला बोटे धड नाहीत अशांनी, आणि त्यांच्या बरोबरीने बाबांनी. पाणी लागेपर्यंत, झोपड्यांवर छप्पर चढेपर्यंत, पहिले पीक हाती येईपर्यंत या सगळ्यांना दोन वेळा जेवू घालायचे होते. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या माणसांची भाकर घेऊन जाणाऱ्या बाईला कोणी कामकरी म्हणत नाही. ताईंचे तसेच झाले. चूल, दळण, गाई, मुले, आल्यागेल्याचे पाहणे, दुखणेकऱ्याच्या उशाशी बसणे, सगळे एकाच दिवसात आणि तो दिवस पुन्हा दुसऱ्या दिवशी. ‘समिधा’ हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना हे दिवस कसे गेले याची कल्पना असेल. जे सोसले ते त्यांनी त्यात तक्रारीचा सूर न लावता लिहिले आहे.

कुष्ठरोगात रोजच्या काळजीचे महत्त्व एवढे का, हे समजून घेतले तरच ताईंच्या कामाची किंमत कळते. या रोगाने बोटे आपोआप गळत नाहीत. जंतू मज्जातंतूंवर बसतो आणि हातापायांची संवेदना जाते. काटा रुतला तरी कळत नाही. चुलीवरचे गरम पातेले उघड्या हाताने उचलले, कातडे भाजले, तरी माणूस बोलतच राहतो. जोडा लागतो, जखम होते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि मग बोट जाते. पापण्या मिटत नाहीत, डोळ्यात धूळ साचून दृष्टी जाते. औषध जंतू मारते, पण गेलेली संवेदना परत आणत नाही. म्हणून बरा झालेला माणूसही रोज पाहावा लागतो. संध्याकाळी तळपाय उलटा करून बघायचा, धुवायचा, जखम असेल तर पट्टी करायची, भांड्याला फडके गुंडाळून द्यायचे, चुलीपाशी कोण बसले आहे याकडे लक्ष ठेवायचे. ज्या शरीराला स्वतःचे दुखणे कळत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी कळावे लागते. बोलता न येणाऱ्या बाळाचे दुखणे आई जशी नुसत्या बघण्यातून ओळखते, तसे हे काम आहे. त्यातच त्या काळची गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागे. बरे वाटू लागले की रुग्ण ती सोडून देत. ती चालू राहायची तर माणूस एका जागी टिकला पाहिजे, आणि माणूस टिकतो तो जिथे त्याला घर वाटते तिथे. बाबांनी त्या माळावर काम उभे केले. ताईंनी तिथे घर उभे केले. औषधाचा गुण घरामुळे टिकला.

गावाने या घराला लगेच जवळ केले नाही. आनंदवनात भाजी पिकली, दूध निघाले, पण वरोऱ्याच्या बाजारात ते घेणार कोण? महारोग्यांनी पिकवलेले वांगे कुणाच्या ताटात जाणार? पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेमार्फत देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले, तिथे राहिले, तिथलेच अन्न जेवले आणि दवाखान्याच्या इमारती बांधण्यासाठी घाम गाळू लागले. परदेशातून आलेली ही मुले खुशाल इथे जेवतात-झोपतात, हे पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. लोक बघायला आले, मग मदतीला आले, मग भाजी घेऊ लागले. ज्या पानावर ही परदेशी मुले जेवत होती, ते पान ताईंच्या स्वयंपाकघरातून येत होते. गावाची भीती घालवण्यात त्या पंक्तीचा वाटा दवाखान्याच्या भिंतींपेक्षा कमी नव्हता.

संस्था वाढत गेली तो भाग कागदोपत्री नीट नोंदलेला आहे, मी भरभर सांगतो. नागपूरजवळ अशोकवन, १९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय, पुढे अंधांसाठी शाळा, मूकबधिरांसाठी शाळा, मूल तालुक्यातले सोमनाथ आणि तिथली तरुणांची श्रमसंस्कार छावणी. हातमाग, छापखाना, लोखंडी काम, शेती, दुग्धव्यवसाय. वरोऱ्याच्या धडधाकट मुलांनी शिकायला कुष्ठरुग्णांनी उभारलेल्या कॉलेजात यावे, ही बाबांची कल्पना अफलातून होती आणि ती साधली. ज्या गावाने भाजी घेतली नव्हती त्या गावाची पोरे या आवारात पदवीधर झाली.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विकास आणि प्रकाश हे दोघे रुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढले. त्यांना वेगळे ठेवले नाही, वेगळे जेवू घातले नाही. दोघेही पुढे डॉक्टर झाले आणि दोघांनीही बाहेरचे जग सोडून याच कामात आयुष्य घातले. आईने मुलांपुढे त्यागाची भाषणे दिली असती तर ती मोठेपणी विसरली गेली असती. तिने फक्त रुग्णांना पाहुण्यांसारखे वागवले नाही आणि मुलांना राजकुमारांसारखे वागवले नाही. रेणुका या मुलीलाही बाबा-ताईंनी आपली लेक म्हणून वाढवले. तीही पुढे विलास मनोहर यांच्या बरोबरीने हेमलकसाच्या कामात सामील झाली; त्या कामाची गोष्ट पुढे येईल.

आनंदवनात आलेली माणसे आपापली घरे हरवून आली होती. बायकांचे हाल अधिक. नवऱ्याला रोग झाला तर बायकोने सेवा करावी, बायकोला झाला तर तिला माहेरी पोचवावी, ही रीत होती. एकाच गोष्टीसाठी पुरुषाला एक न्याय आणि बाईला दुसरा, हे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’मध्ये १८८२ सालीच खडसावून विचारले होते. स्वतंत्र भारताच्या विवाह कायद्यांतही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून राहिले, ते थेट २०१९ मधल्या दुरुस्तीपर्यंत. ज्यांना कायदा आणि कुटुंब दोघेही टाकून देत होते, अशा स्त्री-पुरुषांची आनंदवनात नव्याने लग्ने लागली, त्यांचे संसार उभे राहिले. अशा लग्नात मुलीची पाठराखीण लागते, तिच्या पाठीवर हात ठेवणारे कोणीतरी माहेरचे लागते. आनंदवनात हे माहेर ताईंचे होते. अख्खे आनंदवन त्यांना ताई म्हणे.

बाबांचा आणि ताईंचा पिंड वेगळा होता, हेही इतिहासात यावे. बाबा देव न मानणारे, ताई सश्रद्ध. एवढ्या मोठ्या वादळाबरोबर राहूनही ताईंनी आपली पूजा सोडली नाही आणि बाबांनी ती सोडायला लावली नाही. नवऱ्याच्या विचारांत विरघळून गेलेली पत्नी असे त्यांचे चित्र कोणी काढत असेल तर ते खोटे आहे. त्या स्वतःच्या श्रद्धेवर उभ्या राहून त्याच कामाला आल्या होत्या. एका कामाला दोन वाटांनी पोहोचता येते, ही गोष्ट आनंदवनात देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या सगळ्या कार्यकर्त्यांना फार दिलासा देणारी होती.

बाबांच्या पाठीच्या कण्याचे दुखणे बळावले तेव्हा ताईंच्या कामात आणखी एका रुग्णाची भर पडली. शस्त्रक्रिया झाल्या, पण बाबांना बसता येईना. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, दोनच गोष्टी. अशा अवस्थेत त्या माणसाने देशभर यात्रा केल्या, सभा घेतल्या, पाहुण्यांशी तासन्‌तास बोलला. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्यासारखी माणसे आनंदवनाची झाली, मित्रमेळावे भरले, कलावंतांची रीघ लागली. एवढ्या सगळ्या येण्याजाण्यात पथ्य, औषध, वेळेवर जेवण, येणाऱ्याची मुक्कामाची सोय आणि थकलेल्या बाबांना आता बोलू नका म्हणून सांगायचा अधिकार, हे ताईंकडे होते.

१९७३ च्या डिसेंबरात, २३ तारखेला, भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया गोंडांच्या या भागात रस्ता नव्हता, वीज नव्हती, पावसाळ्यात नद्या भरल्या की जगाशी संबंध तुटत असे. धाकटा मुलगा प्रकाश नागपूरचे शस्त्रक्रियेचे शिक्षण अर्धवट सोडून तिथे गेला आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून मंदाकिनी, तीही डॉक्टर, त्याच्याबरोबर गेली. बावीस वर्षांपूर्वी ताई जशा लेकरे घेऊन माळावर गेल्या होत्या, तसेच आता त्यांचे लेकरू निघाले होते. स्वतः सोसणे आणि मुलाला सोसायला पाठवणे, यात फरक आहे. पहिल्याला धैर्य लागते, दुसऱ्याला त्याहून अधिक काही लागते, त्याला नाव द्यायचे मी टाळतो. थोरले विकास आणि सून भारती यांनी आनंदवन सांभाळले. प्रकाश आणि मंदाकिनी यांना २००८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा ताई हयात होत्या. बाबांना तोच पुरस्कार १९८५ मध्ये मिळालेला. त्या दोन्ही पुरस्कारांमध्ये एकाच आईच्या हाताचे काम आहे.

वयाच्या चौसष्टीत, जेव्हा आपल्याकडे बायका नातवंडांत रमतात, तेव्हा ताईंनी पुन्हा एकदा बिऱ्हाड उचलले. १९९० मध्ये बाबा नर्मदा बचाव आंदोलनासाठी आनंदवन सोडून मध्य प्रदेशात कसरावदला नर्मदाकाठी राहायला गेले. पाठीचे दुखणे घेऊन, झोपडीत. ताई बरोबर होत्या. चाळीस वर्षांत माळाचे वैभव झाले होते, झाडे मोठी झाली होती, विहिरी भरल्या होत्या. ते सगळे मागे ठेवून नव्या जागी पुन्हा चूल मांडणे त्यांना कसे वाटले असेल याचा विचार आंदोलनाच्या इतिहासात कोणी करत नाही. आंदोलनाला भेटायला येणाऱ्या माणसांना त्या झोपडीत चहा मिळाला आणि जेवण मिळाले, एवढे मात्र तिथे गेलेले पुष्कळ जण आठवणीने सांगतात.

पुढे दोघे आनंदवनात परतले. बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले. त्यांचे दफन आनंदवनातच झाले. त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत, ९ जुलै २०११ रोजी, ८५ वर्षांच्या ताई गेल्या. त्यांनाही तिथल्याच मातीत ठेवले. पंचविशीत ज्या माळावर राहायला आल्या, त्याच माळाची माती.

आज आनंदवनाचे काम बदलले आहे आणि ते बदलणे चांगल्या कारणाने झाले आहे. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार देशभर सुरू झाला. वर्षानुवर्षांची गोळी जाऊन काही महिन्यांचा इलाज आला. दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही पातळी भारताने गाठल्याचे २००५ च्या डिसेंबरात जाहीर झाले. कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. रोग संपलेला नाही, नवे रुग्ण अजून सापडतात, विदर्भातही सापडतात. पण हातपाय गमावून आनंदवनाच्या दारात येणाऱ्यांची संख्या पूर्वीसारखी उरली नाही. त्यांची जागा अंध, मूकबधिर, अपंग, निराधार वृद्ध अशा माणसांनी घेतली. त्यांना औषधापेक्षा घर अधिक लागते. त्यामुळे ताईंनी मांडलेल्या घराचे काम उलट वाढलेले आहे.

आपल्या जिल्ह्यातून तिथे जाणे अवघड नाही. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून नागपूरकडची गाडी धरावी, वर्ध्याला किंवा सेवाग्रामला उतरावे आणि बल्लारशाच्या मार्गाने हिंगणघाटवरून वरोरा गाठावे. वाटेत वर्धा लागते तिथे दत्तपूरही पाहून घ्यावे. जाण्याआधी ‘समिधा’ वाचावे. आनंदवनात गेल्यावर हातमाग, छापखाना, शेती, दवाखाना हे सगळे दाखवतातच. त्याबरोबर एकदा स्वयंपाकघरही दाखवा म्हणून सांगावे आणि शक्य असेल तर चार दिवस राहून तिथे भाजी निवडायला, वाढायला, भांडी घासायला बसावे. आमच्या मंडळातल्या तरुण मुलामुलींनी पुढच्या उन्हाळ्यात सोमनाथच्या छावणीला जायचे ठरवले आहे. त्यांच्या हातात ही पाने पडावीत म्हणून हा इतिहास या क्रमाने लिहिला.